खिचडीचे यश कशाने मोजायचे?

शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाचा कोणताही वार्षिक अहवाल उघडा. सुरुवातीलाच तीन आकडे भेटतात: लाभार्थी विद्यार्थी किती, तांदळाची उचल किती आणि मंजूर अनुदानापैकी खर्च किती टक्के. खर्च शंभराच्या जवळ पोचला की योजना यशस्वी झाली असे समजायचे. पण या तिन्ही आकड्यांतून मुलाच्या पोटात काय गेले हे कळत नाही. गोदामातून काय निघाले एवढेच कळते.

अनुदान देणाऱ्याला पैशाचा हिशेब हवा, यात गैर काही नाही. उपयोगिता प्रमाणपत्र मागितलेच पाहिजे. तक्रार आहे ती हिशेबालाच मोजमाप समजण्याबद्दल. दुकानदाराने ‘सगळा माल खपला’ म्हणावे आणि आपण त्यावरून गिऱ्हाइकाची तब्येत सुधारली असे ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

थोडा इतिहास पाहू. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांसाठी ही योजना सुरू केली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नव्हते. दरमहा ३ किलो धान्य घरी न्यायला मिळे. महाराष्ट्रातही तसेच होते. अट अशी की त्या महिन्यात मुलाची हजेरी ८० टक्के हवी. योजनेचा एक हेतू हजेरी वाढवणे हा होता आणि हजेरी वाढली का, हे हजेरीपटावरूनच ठरणार होते. म्हणजे ज्या नोंदीवर धान्य मिळणार तीच नोंद यशाचा पुरावा. कापूस वेचायला गेलेल्या मुलीचे दोन दिवस कमी पडत असतील आणि त्यापायी घरचा ३ किलो तांदूळ बुडणार असेल, तर गुरुजींचे पेन कुठे वळेल? ते वळले तर मी त्यांना दोष देणार नाही. दोष मोजपट्टीचा आहे. जी मोजपट्टी बक्षीसही वाटते आणि परीक्षाही घेते, तिच्यावर विसंबता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात शिजवलेले अन्न देण्यास सांगितले. त्यानंतर ही विशिष्ट अडचण संपली. मात्र रोज किती मुले जेवली हे अजूनही शाळाच लिहिते आणि त्याच आकड्यावर पुढचे धान्य ठरते.

आता पोषणाकडे वळू. प्राथमिकच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. हे आकडे येतात कुठून, ते फळ्यावर मांडून पाहता येईल. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिने, २० ग्रॅम डाळीतून सुमारे ७० कॅलरी आणि साडेचार-पाच ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम तेलातून ४५ कॅलरी. बेरीज करा, निकष पुरा झाला. भाजी धरलीच नाही तरी पुरा झाला! चारांतले तीन भाग ऊर्जा एकट्या तांदळाची आहे. त्यामुळे ‘निकषानुसार पोषण दिले’ या वाक्याचा खरा अर्थ एवढाच निघतो की तांदूळ वेळेवर पोचला आणि तो सगळा शिजला असे गृहीत धरले. लोह किती, जीवनसत्त्वे किती, पातेल्यात उरले किती, धाकट्या भावासाठी डब्यातून घरी गेले किती, याला रकाना नाही.

याहून अवघड प्रश्न घरात दडलेला आहे. शाळेत जेवण मिळते म्हटल्यावर आईने सकाळची भाकरी अर्धी केली तर? मूल शाळेत ४५० कॅलरी खाईल आणि दिवसाची बेरीज जिथल्या तिथे राहील. अशा वेळी फायदा घराला होतो (गरिबाघरी तोही लहान नाही), पण त्या मुलाच्या पोषणाला नाही. हे तपासायचे कसे? फर्झाना अफ्रिदी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मध्य प्रदेशातील खेड्यांत यासाठी सोपी युक्ती वापरली. मागच्या २४ तासांत मुलाने काय काय खाल्ले ते विचारायचे. पण काही मुलांना शाळेच्या दिवसाबद्दल आणि काहींना सुट्टीच्या दिवसाबद्दल. कोणाला कोणत्या दिवसाचे विचारायचे, हे यदृच्छेने ठरवायचे. शाळेच्या दिवशी दिवसभराचे एकूण खाणे जेवणाएवढेच वाढलेले दिसले, तर घरी कपात होत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की घरची कपात फारशी झाली नव्हती. मुलांची प्रथिनांची रोजची तूट पूर्ण भरून निघाली, कॅलरींची सुमारे ३० टक्के आणि लोहाची जेमतेम १० टक्के. हा शेवटचा आकडा नीट पाहावा. पातेल्यात तांदूळच अधिक असेल तर लोह येणार कुठून?

‘योजनेनंतर मुलांचे सरासरी वजन २ किलोने वाढले’ असे वाक्यही अहवालांत आढळते. सात वर्षांचे निरोगी मूल वर्षभरात दोन-अडीच किलोने आणि पाच-सहा सेंटिमीटरने वाढतेच. खिचडी असो वा नसो. योजना नसती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारल्याशिवाय आधी-नंतरच्या आकड्यांना अर्थ नाही. त्यासाठी तुलनागट लागतो, म्हणजे तशीच मुले, तसेच गाव, फक्त योजना नाही.

तुलना किती अवघड असते याचे जुने उदाहरण तामिळनाडूत आहे. जागतिक बँकेच्या पैशावर १९८० साली तेथे सहा जिल्ह्यांत एक पोषण प्रकल्प सुरू झाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांचे दर महिन्याला वजन करायचे, ज्याची वाढ अडखळली त्यालाच सुमारे ९० दिवस पूरक आहाराचा लाडू द्यायचा आणि वजन सावरले की थांबवायचे. कल्पना उत्तम. अन्न वाया जात नाही आणि आईलाही वाढीचा आलेख समजतो. प्रकल्पातील तीव्र कुपोषण घटल्याचे आकडे आले आणि जगभर त्याचे कौतुक झाले. पण १ जुलै १९८२ पासून मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी राज्यात दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली आणि तिच्यात दोन वर्षांपुढची बालकेही होती. मग सुधारणेतला लाडूचा वाटा किती आणि भात-सांबाराचा किती? दुसरी गोम निवडीतच आहे. गेल्या महिन्यात जुलाब झालेल्या मुलाचे वजन उतरते आणि ते नेमके निवडले जाते. बरे झाल्यावर त्याचे वजन लाडूशिवायही बरेचसे भरून येते. सर्वांत वाईट दिवशी निवडलेली मुले पुढच्या मोजणीत सरासरीकडे परततातच. हे श्रेय लाडूला गेले तर ते उसने श्रेय होय.

टीकाकारांचीही एक चूक दाखवली पाहिजे. ‘इतकी वर्षे खिचडी दिली तरी मुले खुजीच’ असे ते म्हणतात. उंचीतली मोठी तूट जन्माआधी आणि पहिल्या दोन वर्षांत पडते. सहा वर्षांनी शाळेत आलेल्या मुलाकडून ती भरून मागणे म्हणजे दहावीच्या मास्तरांना पहिलीच्या अंकओळखीचा जाब विचारणे. काही तूट मात्र भरते. आंध्र प्रदेशात दुष्काळाच्या काळात वाढ खुंटलेल्या मुलांना शाळेतल्या जेवणाने बराच आधार दिल्याचे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. याहून दूरचा परिणाम २०२१ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडला गेला: ज्या मुलींना लहानपणी हे जेवण मिळाले, त्यांची पुढे झालेली मुले वयाच्या मानाने अधिक उंच भरली. येथेही चौकस राहावे. ज्या राज्यांनी जेवण लवकर सुरू केले ती इतर बाबतींतही पुढे असू शकतात. संशोधकांनी ते वजा करण्याचा प्रयत्न केला आहे, तरी शंका पूर्ण मिटत नाही. पण समजा हे अर्धेच खरे असले तरी काय अर्थ होतो? आज चौथीत जेवणाऱ्या मुलीचा निकाल वीस वर्षांनी तिच्या बाळाच्या उंचीत लागणार आणि अनुदानाचा अहवाल ३१ मार्चला बंद होणार.

पटाचेही तसेच. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालानुसार योजनेतील शाळांचा पट २००९-१० मध्ये १४.६९ कोटी होता, तो २०१३-१४ मध्ये १३.८७ कोटींवर आला. त्याच काळात खाजगी शाळांचा पट वाढला. यावरून जेवण निरुपयोगी ठरत नाही. पालकांनी शाळा बदलण्याची कारणे अनेक असतात. एवढेच म्हणता येईल की पट हे जेवणाचे मोजमाप म्हणून चढतानाही कच्चे होते, उतरतानाही कच्चेच आहे.

मोठे सर्वेक्षण आपल्या हाती नाही, पण अफ्रिदीबाईंची युक्ती कोणत्याही शाळेत करता येईल. वर्गातल्या निम्म्या मुलांची नावे चिठ्ठ्या टाकून काढा. त्यांना सोमवारी ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्ले?’ असे विचारा, उरलेल्यांना मंगळवारी. मोजमाप वाटी, पळी, भाकरी यांतच घ्या. मुलांना ग्रॅम सांगता येत नाहीत. रविवारी घरी मटण किंवा मासे होत असतील तर तुलना बिघडेल, म्हणून एखादी आठवड्यामधली सुट्टीही धरा. पातेल्यात उरलेले अन्न आठवडाभर रोज तोलून ठेवा. कोणत्या दिवशी जास्त उरते हे पाहिले की चवीबद्दलही बरेच कळेल. एक पथ्य मात्र पाळा. खाण्याचे प्रश्न वर्गात सर्वांसमोर विचारू नका, एकेकाला बाजूला घेऊन विचारा. ज्याच्या घरी काल चूल पेटली नाही ते मूल चारचौघांत वरण-भातच सांगेल.