कण्हेरखेडच्या पाटलाचा श्रावण

सरहद्दीवर जाऊन वसणारी माणसं आत्मचरित्र लिहीत नाहीत. शिकागो नदीच्या मुखाशी बस्तान बसवलेल्या द्यु साब्ल या फरच्या व्यापाऱ्याचं आयुष्य आपल्याला कळतं ते बरंचसं एका विक्रीखतावरून. घर, गिरणी, पावाची भट्टी, गोठे आणि कोठारं असं सगळं त्याने 1800 साली विकलं. ती यादी वाचली की कळतं, कातडी घ्यायला आलेला हा गडी तिथे चांगला रुजला होता. राणोजी शिंद्यांचं असं खत वाचायचं असेल तर उज्जैनला जावं आणि महाकालाचं देऊळ बघावं.

राणोजी साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे पाटील. 29 नोव्हेंबर 1728 रोजी अमझेऱ्याला चिमाजीअप्पांच्या फौजेपुढे मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर पडला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. चौथाई वसूल करून पावसाळ्याआधी देशी परतायचं, हा तोवरचा शिरस्ता. पुढच्या काही वर्षांत होळकर, पवार आणि शिंदे यांच्यात मुलूख वाटला गेला. उज्जैन शिंद्यांकडे आलं आणि राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ नव्याने उभं केलं. इल्तुत्मिशाने तेराव्या शतकात जुनं देऊळ पाडलं होतं, त्याला पाचशे वर्षं होत आली होती. वसुलीला आलेला माणूस देऊळ बांधायला लागला की ओळखावं, तंबू उठणार नाही.

देवळाचे मजले तीन. तळाला महाकाल, मध्ये ओंकारेश्वर, वर नागचंद्रेश्वर, आणि त्याचं दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडतं. बहुतेक देवळांत आपण देवाकडे चढत जातो, इथे मुख्य देवाकडे उतरावं लागतं. पिंडी दक्षिणाभिमुख, पश्चिमेला गणपती, उत्तरेला पार्वती, पूर्वेला कार्तिकेय, दक्षिणेला नंदी. हा सगळा प्रपंच जमिनीखाली आहे आणि शिखर मात्र लांबून दिसेल असं. नव्या धन्याला गावाला दाखवण्यासाठी शिखर हवं होतं. पण देवाची जागा जुनीच राहिली, ती वर उचलून आणायचा मोह कुणाला झाला नाही. मला या बांधकामात सर्वांत आवडतो तो हा संयम. 2021 साली आवारात विस्ताराचं खोदकाम चालू असताना अकराव्या शतकाच्या आसपासच्या देवळाचे अवशेष सापडले, तेव्हा कुणाच्या खांद्यावर हे शिखर उभं आहे ते उघड्यावर आलं.

पण शिंद्यांची खरी सही दगडावर नाही, पंचांगात आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे उत्तरेतला श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो आणि आपला त्यांच्यानंतर पंधरा दिवस संपतो. महाकालाची पालखी दर सोमवारी क्षिप्रेवर जाते ती उत्तरेच्या श्रावणापासून, आणि थांबते आपला श्रावण सरल्यावर. उज्जैनकर त्या शेवटच्या पंधरवड्याला भादवा म्हणतात आणि सवाऱ्या मात्र चालूच ठेवतात. सर्वांत थाटाची शाही सवारी नेमकी याच पंधरवड्यात, म्हणजे कण्हेरखेडच्या श्रावणात निघते. दोन पंचांगांपैकी खरं कोणतं यावर वाद घालता आला असता. त्याऐवजी पुढे दोन्ही श्रावण जोडून दीड महिन्याचा एकच उत्सव झाला. तडजोड म्हणावी तर देवाचा फायदाच झाला! दोन मुलुखांनी एकत्र नांदण्याच्या शहाणपणाचा याहून नेमका दाखला मला ठाऊक नाही.

राणोजींना स्वतःला उज्जैनचं सुख फार लाभलं नाही. 1745 साली ते शुजालपूरला वारले. मुलं तर कुठे कुठे पडली: जयाप्पा नागौरला, दत्ताजी दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर. महादजींनी दिल्लीच्या बादशाहीची सूत्रं हाती घेऊनही स्वतःला पाटील म्हणवून घेण्यातच धन्यता मानली आणि ते वारले पुण्याजवळ वानवडीला. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या दौलतरावांनी 1810 साली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली. शिंद्यांचा दरबार उठला, सवारी मात्र कुणी थांबवली नाही. अलीकडे ‘शाही’ हा शब्द बदलून ‘राजसी’ केला गेला आहे. तो बदलणाऱ्यांनीही मिरवणूक काढली ती त्याच मराठी पंधरवड्यात.