दोन काड्यांची परीक्षा

नाटकांची परीक्षणे छापून येतात, मग उन्हाळी शिबिरांचीच का येऊ नयेत? तिकीट तर शिबिराचेच महाग! चौदा वर्षांच्या भाच्याला 'रानात तग धरण्याचे' शिक्षण द्यावे असे त्याच्या आईवडिलांनी ठरवले आणि सोबतीला मला भंडारदऱ्याकडे धाडले. अकोले तालुका हा अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा मोठा विक्षिप्त कोपरा. पावसाळ्यात उरलेला जिल्हा आभाळाकडे बघत बसतो, तेव्हा इथली माणसे गळके छप्पर शाकारत असतात. आम्ही गेलो ते मात्र मे महिन्यात.

मुख्य प्रयोग अग्निप्रज्वलनाचा. प्रत्येक मुलाच्या हाती एक काळी कांडी. पात्याने खरवडली की तीन हजार अंशांच्या घरातली ठिणगी उडते. शिबिरप्रमुखांनी ती अशा भक्तिभावाने उचलली, की आदिमानवाने मृत्युपत्रात त्यांच्याच नावे करून ठेवली असावी. वास्तविक लोखंड आणि सेरियमची ही मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ साली शोधली. सिगारेटच्या लायटरमध्ये तिचाच तुकडा असतो. आदिमानवाला ती हवी असती, तर बिचाऱ्याला पानपट्टीच गाठावी लागली असती.

पाऊण तास खरवडाखरवड झाली. भाच्याच्या कापसाने एकदाचा पेट घेतला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि कापूस विझला. लाकडाने काही दाद दिली नाही. देणार कशी? ठिणगी कशी पाडायची हे शिकवले होते, सरपण कसे निवडायचे हे नव्हते.

माझा पहिला आक्षेप हाच. १९०८ साली बेडन-पॉवेलने बालवीरांना परीक्षा घातली, ती दोनांहून अधिक काड्या न वापरता विस्तव पेटवण्याची. म्हातारा धोरणी! काडी पेटते हे त्याने धरूनच चालले होते. परीक्षा होती ती रचण्याची. आधी काडकी, मग करंगळीएवढी काटकी, मग मनगटाएवढे लाकूड, आणि वारा कुठून येतो त्याचे भान. शिवाय त्याच परीक्षेत बटाटे शिजवून दाखवायचे होते. बटाट्यापुढे फोटोचे काही चालत नाही.

इकडे स्वयंपाकाच्या बाईंची मुलगी, वयाने भाच्याएवढीच, चुलीशी आली. तिने काही पेटवलेच नाही! राख उकरली, सकाळचा झाकलेला निखारा वर काढला, त्यावर कारवीच्या वाळक्या काड्या ठेवल्या आणि फुंकणीने दोनदा फुंकले. झाला जाळ. विस्तव लावण्यापेक्षा राखण्यात जास्त अक्कल लागते, हे अभ्यासक्रमात कुठेच नव्हते.

"कुणी शिकवलं गं हे?" मी विचारले.

"त्यात काय शिकायचंय काका? सिलिंडर संपलाय म्हनून फुकतेय," डोळे पुसत ती म्हणाली.

म्हणजे ज्या धुरातून सुटायला ती सिलिंडरची वाट बघत होती, तो धूर घ्यायला आम्ही मुंबईहून पैसे भरून आलो होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिबिराच्या कुंपणापलीकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सुरू होते. ते १९८६ सालचे. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला किंवा जळता सोडायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. मे महिन्यातले तिथले गवत म्हणजे दुसरा कापूसच, फक्त डोंगरभर पसरलेला. तरीही दोन दिवसांच्या कार्यक्रमात 'विझवणे' या विषयाला पाच मिनिटेही नव्हती. शेकोटी संपली तेव्हा मुले गाणी म्हणत तंबूत गेली आणि राख तशीच धगधगत राहिली. बाईंनी हंडा आणून ओतला, काठीने ढवळला आणि वर हात धरून पाहिला. मे महिन्यात तिथे एक हंडा पाणी म्हणजे विहिरीपर्यंतची एक खेप.

निरोपाच्या वेळी भाच्याला 'अग्निविशारद' असे प्रमाणपत्र मिळाले. माझ्या हाती आलेल्या पावतीत 'तज्ज्ञ मार्गदर्शन' या नावाखाली बरीच रक्कम होती. मी बाईंना सहज विचारले, मुलीला किती देतात?

"तिला कशाचे? ती माझ्यासंगं येते."