अल्पखर्चिक हस्तनिर्मित दंतवल्क-घर्षण साधने : एक चिकित्सा

वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या उपचारात, म्हणजेच ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, जागेची किरकोळ उणीव असल्यास दात न काढता शेजारच्या दातांच्या स्पर्शपृष्ठांवरील दंतवल्क, अर्थात इनॅमल, अल्प प्रमाणात घासून कमी केले जाते. बॅलार्ड यांनी १९४४ मध्ये खालच्या पुढील दातांसाठी हा मार्ग सुचविला. शेरिडन यांनी १९८५ मध्ये त्यासाठी वेगवान एअर-रोटरचा वापर मांडला. यंत्राखेरीज हिरकणांचा थर असलेली धातूची पट्टीही वापरतात.

नुसती पट्टी बोटांत धरल्यास लाळेमुळे निसटते, तिचा ताण राहत नाही आणि ओठ वा हिरडी कापली जाण्याचा धोका संभवतो. मुठीची तयार साधने महाग पडतात. म्हणून स्टेनलेस स्टीलची जाड तार करवतीच्या चौकटीप्रमाणे वाकवून तिच्या दोन टोकांत पट्टीचा तुकडा ताणून बसविण्याची युक्ती पुढे आली. पकड सुधारणे, मागील दातांपर्यंत पोहोचणे आणि झिजलेली पट्टी तेवढी बदलता येणे, हे तिचे गुण निर्विवाद आहेत.

तथापि अशा साधनाचे समर्थन केवळ किमतीवर करणे अपुरे ठरते. दंतवल्क निर्माण करणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर उरत नाहीत. त्यामुळे घासलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. पुढील दातांत एका पृष्ठावरून साधारणतः ०.२५ मि.मी. इतकेच ते कमी केले जाते. एवढ्या सूक्ष्म मर्यादेत खरा प्रश्न साधन किती रुपयांत झाले हा नसून त्याने नेमके किती घासले हा आहे. साधन कसे तयार करावे हे सांगताना घर्षणाचे मोजमाप, उरणारे ओरखडे व पट्टीची झीज यांचा विचार मागे पडला, तर ते वर्णन अपूर्ण राहते. तारेच्या जोडातील फटीही दुर्लक्षणीय नाहीत. तेथील मळ आधी निघाला नाही, तर ऑटोक्लेव्हमधील निर्जंतुकीकरणावर विसंबता येत नाही.

विशेष म्हणजे मोजमापाचा उपायही तितकाच स्वस्त आहे. ०.०१० इंच व्यासाची लिगेचर तार सुमारे ०.२५ मि.मी., तर ०.०२० इंचाची तार सुमारे ०.५ मि.मी. जाड असते. दातांमध्ये झालेली फट या तारांनी तपासता येते. पुढे पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यास फ्लोराइड लावणेही अगत्याचे आहे.

सारांश, हस्तनिर्मित साधन त्याज्य नाही. मात्र मापक तारेची जोड नसेल, तर त्यातील बचतीची किंमत रुग्णाच्या दंतवल्कास मोजावी लागते.