जागे राहून ऐकायचे पाळणे

पाश्चात्त्य अभिजात संगीतातले श्रेष्ठ पाळणे बहुतेक बाळासाठी लिहिलेलेच नाहीत. ब्राम्सचा प्रसिद्ध पाळणा हा अपवाद. हाम्बुर्गच्या महिला-गायकवृंदातली त्याची जुनी मैत्रीण बेर्टा फाबर हिला मुलगा झाला, तेव्हा १८६८ साली त्याने तो लिहिला. ती पूर्वी त्याला गाऊन दाखवायची ती व्हिएन्नी चाल त्याने पियानोच्या साथीत गुंफून ठेवली. आई बाळासाठी गाणार आणि साथ तिला तिचेच जुने दिवस ऐकवणार. पुढे ही धून चावीच्या खेळण्यांत शिरली. तिथे साथ नसते, म्हणजे गाण्यातली खोच नेमकी गळून जाते.

या प्रकाराचा खरा कस शोपँच्या ‘बेर्सोझ’ या पियानोवरच्या पाळण्यात (ओपस ५७, १८४४) लागला. डावा हात सहाच्या लयीत, आपल्याला दादरा आठवावा अशा झोक्यात, एकच छोटी आकृती जवळजवळ अखेरपर्यंत वाजवतो. खर्ज जागचा हलत नाही. उजव्या हातात चार मापांची (‘बार’ची) साधी धून येते आणि मग तिचीच रूपे: जोडस्वर, कण, उतरत्या लडी. शोपँने आधी रचनेला ‘रूपांतरे’ अशाच अर्थाचे नाव दिले होते. ख्याल ऐकणाऱ्याला हे बढतीसारखे वाटेल, पण ख्यालात लय चढते, ताण वाढतो. इथे कितीही नक्षी काढा, झोका तेवढाच ठेवायचा.

सत्तर मापांची ही रचना. त्यातल्या पंचावन्नाव्या मापात एक स्वर येतो. डी-फ्लॅटला षड्ज मानला तर तो कोमल निषाद. ओझरते कोमल स्वर आधी येऊन गेलेले असतात, पण याच्यावर रचना थबकते, मध्यमाकडे झुकते आणि काही मापांतच घरी परतते. एवढी एकच घटना, तीही इतक्या उशिरा. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या पियानोसंगीतात याहून काटकसरीचे नाट्य क्वचित सापडेल. हल्लीचे बरेच वादक मात्र ही रचना इतकी संथ आणि धूसर वाजवतात, की तो स्वर आला कधी नि गेला कधी, कळत नाही. आल्फ्रेड कॉर्तोची जुनी ध्वनिमुद्रणे मिळवून ऐकावीत. त्यांत धून बोलते.

न बदलणाऱ्या झोक्यात भय दडलेले असते, हे संगीतकारांना लवकर उमगले. शूबर्टच्या १८२३च्या ‘सुंदर गिरणवाली’ या गीतमालेत शेवटचा पाळणा ओढा गातो, बुडून मेलेल्या तरुणासाठी. मुसोर्ग्स्कीने १८७५ साली एका गीतात मृत्यूलाच दाई केले. पहाटे आजारी बाळाच्या खोलीत तो येतो, आई विनवते, तो शांतपणे तिला थोपवून गात राहतो. ब्राम्सने उतारवयातल्या ओपस ११७च्या पियानो-रचनांना आपल्या दुःखांचे पाळणे म्हटले. बुसोनीने १९०९ साली आईच्या मृत्यूनंतर वाद्यवृंदासाठी पाळणा लिहिला. त्याचा पहिला प्रयोग २१ फेब्रुवारी १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये माहलरने केला. माहलरने संचालन केलेली ती शेवटची मैफल. स्त्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मध्ये बासून हे वाद्य राक्षसांना झोपवते. त्यात जादू आहे, दुःख नाही, म्हणून मला ती रचना सुंदर असूनही जरा दुय्यम वाटते.

(आपला पाळणाही नेहमी झोपवायला असतो असे नाही. रामनवमीला भर दुपारी बारा वाजता देवळात तो म्हणतात, तेव्हा कोणी पेंगले तर शेजारचा कोपराने ढोसतो.)

आजची स्थिती काय? माक्स रिश्टरची ‘स्लीप’ (२०१५) आठ तासांहून मोठी आहे आणि श्रोत्याने झोपावे यासाठीच लिहिलेली आहे. कल्पना धीट आहे, काही भाग मोहक आहेत. पण झोपेसाठीच्या संगीताच्या ज्या याद्या फोनवर आल्या, त्यांत पाळण्याचे औषध झाले. गोळी घ्यावी तसे लावायचे आणि विसरायचे. श्रोता झोपणारच असेल, तर पंचावन्नाव्या मापातल्या स्वराची संगीतकाराला गरज उरत नाही, आणि तसे स्वर या याद्यांत ऐकू येतही नाहीत. पुष्कळ संगीत तयार होते आहे, पाळणे फार थोडे. शोपँची रचना जेमतेम साडेचार-पाच मिनिटांची आहे. ती दिवसा, बसून ऐका.