मेंदूचे चित्र आणि अनुमानाची मर्यादा

मेंदूचा कोणता भाग कोणते कार्य करतो, हा प्रश्न जुना आहे. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका ह्यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचे त्याच्या मृत्यूनंतर परीक्षण केले आणि डाव्या बाजूच्या पुढील भागास झालेल्या इजेशी वाचेचा संबंध जोडला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ ह्या शास्त्राचा मुख्य आधार इजा हाच राहिला. १९९० साली सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी ह्यांनी रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो हे प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले, आणि १९९२ साली ही पद्धती मानवी मेंदूस लागू झाली. निरोगी माणसाच्या मेंदूचे व्यापार त्याला कोणतीही इजा न करता पाहता येऊ लागले, हे ह्या पद्धतीचे थोर उपकार होत. तथापि तिच्या चित्रांवरून काढली जाणारी अनुमाने सर्वच सारख्या बळाची नसतात. कोणते अनुमान हे चित्र पेलू शकते आणि कोणते पेलू शकत नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे चित्र कशाचे असते ते पाहू. ते विचाराचे नसते; मज्जापेशींचेही प्रत्यक्ष नसते. ते रक्ताचे असते. मज्जापेशींचे कार्य वाढले की त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, गरजेहून अधिक प्राणवायू तेथे येतो, आणि संकेतात किंचित वाढ होते. ही वाढ शिगेस पोचण्यास सुमारे पाच-सहा सेकंद लागतात. पेशींचे व्यवहार मात्र सेकंदाच्या सहस्रांशात चालतात. चित्राच्या एकेका घनकणात लाखो पेशी सामावलेल्या असतात. शिवाय ‘उजळलेला’ भाग दिव्याप्रमाणे उजळत नाही. दोन अवस्थांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला, की संशोधक त्या जागी रंग भरतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच सामग्री ७० संशोधक-गटांना स्वतंत्र विश्लेषणासाठी देण्यात आली होती. कोणत्याही दोन गटांची कार्यपद्धती तंतोतंत जुळली नाही, आणि तपासावयाच्या नऊ गृहीतकांपैकी कित्येकांविषयी त्यांचे निष्कर्षही भिन्न आले. चित्र हे अशा रीतीने अनेक निर्णयांचे फलित असते.

ह्या मर्यादा मान्य करूनही उत्तम संशोधन कसे होऊ शकते, ह्याचे उदाहरण म्हणून नॅन्सी कॅनविशर, जोश मॅकडर्मट व मार्विन चुन ह्यांच्या १९९७ सालच्या निबंधाकडे पाहता येईल. मेंदूच्या तळाकडील फ्यूजिफॉर्म वळीतील एक भाग इतर वस्तूंपेक्षा चेहरा पाहताना अधिक सक्रिय होतो, असे त्यांना १५ पैकी १२ व्यक्तींत आढळले. निबंधाचे खरे सामर्थ्य त्याच्या शिस्तीत आहे. प्रत्येक व्यक्तीत तो भाग आधी निश्चित केला गेला, आणि मग निराळ्या सामग्रीवर त्याची परीक्षा झाली. विस्कटलेले चेहरे, घरे, हात अशा पर्यायांशी तुलना करून सोपी स्पष्टीकरणे एकेक करून दूर सारण्यात आली.

परंतु ‘चेहऱ्यास अधिक प्रतिसाद देणारा भाग’ आणि ‘चेहरा ओळखण्याचे कार्य करणारा भाग’ ही दोन विधाने एक नव्हेत. इझाबेल गोतिए व त्यांचे सहकारी ह्यांनी २००० साली दाखविले, की मोटारींच्या वा पक्ष्यांच्या जाणकारांत हाच भाग त्या त्या वस्तूंनीही अधिक सक्रिय होतो. जेम्स हॅक्स्बी व सहकारी ह्यांनी २००१ साली असे दाखविले, की एखाद्या वर्गास सर्वाधिक प्रतिसाद देणारा भाग वगळला, तरी उरलेल्या विस्तृत भागातील प्रतिसादाच्या आकृतिबंधावरून व्यक्ती कोणत्या वर्गातील वस्तू पाहत आहे हे ओळखता येते. कार्य एका जागी असते की पसरलेले, हा वाद केवळ चित्रांच्या बळावर मिटण्यासारखा नव्हता.

त्यास निराळी साक्ष लागली. चेहऱ्यांची ओळख गमावलेल्या जखमी रुग्णांचे वर्णन योआखिम बोडामर ह्यांनी १९४७ सालीच केले होते. पुढे २०१२ साली जोसेफ पार्विझी व सहकारी ह्यांनी अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत उपचारासाठी बसविलेल्या विद्युदग्रांतून ह्याच भागास सौम्य विद्युत्प्रवाह दिला. समोरच्या माणसाचा चेहरा बदलून गेल्यासारखा रुग्णास दिसला; इतर वस्तूंवर तसा परिणाम जाणवला नाही. चित्राने सहभाग दाखविला होता; कार्यकारणसंबंध दाखविला तो ह्या हस्तक्षेपाने.

जेथे अशी साक्ष नसते तेथे काय होते? २००७ च्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये काही संशोधकांनी २० मतदारांच्या मेंदूंची चित्रे घेऊन अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या इच्छुकांविषयी त्यांना काय वाटते ते सांगितले. अमिग्डला सक्रिय, म्हणून चिंता. अशी त्यांच्या अनुमानाची तऱ्हा होती. अनेक मेंदूशास्त्रज्ञांनी त्याच वृत्तपत्रात त्यास जाहीर आक्षेप घेतला. रसेल पोल्ड्रॅक ह्यांनी २००६ सालीच ह्या उलट्या अनुमानाचे विवेचन केले होते. आपल्या वाचकांना हा दोष अपरिचित नाही. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात तो उदाहरणासह आला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष. पण अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओल्या सरपणाचा संयोग हा तेथील उपाधी. भीतीच्या वेळी अमिग्डला सक्रिय होते हे खरे; पण ती सुखद, नवीन वा महत्त्वाच्या गोष्टींनीही सक्रिय होते. म्हणून तिच्या सक्रियतेवरून भीती वा चिंता सिद्ध होत नाही. प्रयोगात व्यक्तीपुढे कोणते काम ठेवले होते, हाच येथला उपाधी होय. तो वगळला की अनुमान ढासळते.

ह्याचा अर्थ मेंदूची चित्रे निरर्थक ठरतात असा नव्हे. कोठे शोधावे हे ती सांगतात, आणि एरवी कोणास सुचले नसते असे प्रश्न उभे करतात. एखाद्या कार्यात कोणता भाग सहभागी आहे, ह्याविषयी त्यांची साक्ष मोलाची आहे. तो भाग त्या कार्यास आवश्यक आहे काय, हे विचारावयाचे झाल्यास मात्र इजेचा किंवा हस्तक्षेपाचा पुरावा अजूनही लागतो. आणि कोणाच्या मनात काय आहे हे केवळ एका रंगीत ठिपक्यावरून सांगावयाचे झाल्यास त्या अनुमानाची व्याप्ती आधी सिद्ध करावी लागते. यंत्रे बदलली, तरी ब्रोकांच्या पद्धतीची गरज संपलेली नाही.