भाष्य लावून वाचणं : अंबाजोगाईच्या निमित्ताने

दासोपंतांचं नाव निघालं की बीड जिल्ह्यात दोन आकडे हमखास ऐकू येतात. गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या आणि पासोडीची सुमारे 40 फूट लांबी. अंबाजोगाईला आलेला पाहुणा हे आकडे ऐकून हात जोडतो आणि निघतो. पासोडीवर काय लिहिलंय, हे फारसं कोणी विचारत नाही. तिथे पंचीकरण आहे. प्रत्येक महाभूतात अर्धा वाटा स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा एक-अष्टमांश, असा तो वेदान्तातला हिशेब. त्यामागे संस्कृत प्रकरणग्रंथ आणि त्यांवरची वार्तिकं आहेत. ती बाजूला ठेवली की पासोडीचं नुसतं लांब कापड उरतं.

आमची तक्रार इथेच आहे. आपण ग्रंथ पुजतो, मोजतो, लावत मात्र नाही. ‘ग्रंथ लावणं’ हा पाठशाळेतला शब्द. पदच्छेद, पदार्थ, विग्रह, वाक्ययोजना आणि शेवटी आक्षेप-समाधान, अशी ती पाच अंगं. आज गीतेच्या पाठांतराच्या स्पर्धा जोरात होतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण पाठांतरात पाचवं अंग येत नाही, आणि भाष्याचा जीव तर त्याच अंगात असतो.

एक उदाहरण घेऊ. शंकराचार्यांचं गीताभाष्य श्लोकवार सुरू होतं ते दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून. त्याआधीचा सगळा भाग शोक आणि मोह कसे उपजतात हे दाखवण्यासाठी आहे, असं सांगून आचार्य पुढे जातात. ज्ञानेश्वर त्याच पहिल्या अध्यायावर पावणेतीनशेच्या आसपास ओव्या रचतात. भाष्यकारांना वाट विचारत आलो, असं म्हणणारा माणूस भाष्यकार गप्प बसले तिथे एवढा का बोलतो? दोन्ही ग्रंथ शेजारी उघडे असले तरच हा प्रश्न सुचतो. आमच्या मते आचार्यांना शोकाचं निदान पुरेसं वाटतं. ज्ञानेश्वरांना शोक करणारा माणूसही श्रोत्यांना दाखवायचा आहे.

त्याच अकराव्या श्लोकाच्या उपोद्घातात आचार्य ज्ञान आणि कर्म यांच्या समुच्चयाचा पक्ष सविस्तर मांडतात आणि मग खोडतात. 1915 साली आलेलं टिळकांचं गीतारहस्य कर्मयोगाची बाजू घेतं. आचार्यांचं हे खंडन ज्याने वाचलं नाही, त्याला टिळक कोणाशी भांडतायत हेच कळणार नाही.

दोष आमचाही आहे. आम्ही वर्षानुवर्षं अद्वैत शिकवलं ते टिपणांतून. भाष्याची एक ओळही न पाहता मुलं पहिल्या वर्गात पास झाली.

परंपरा टिकवायची म्हणताना आणखी एक गोष्ट विसरू नये. जुन्या पाठशाळेचं दार बायकांना आणि बहुतेक जातींना बंद होतं. ते तसंच ठेवून टिकवायचं असेल, तर आम्हाला त्यात रस नाही. मुकुंदराज, ज्ञानेश्वर, दासोपंत यांनी वेदान्त मराठीत आणला तो ऐकणारे वाढावेत म्हणूनच. विष्णुशास्त्री बापटांनी शांकरभाष्यं मराठीत आणली, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी पतंजलीचं महाभाष्य आणलं. संस्कृत कच्चं आहे, ही सबब आता चालायची नाही.

मग करायचं काय? चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा बसावं. एक श्लोक, त्यावरचं भाष्य, ज्ञानेश्वरी. आणि एकाने मुद्दाम पूर्वपक्षाची बाजू लढवावी. अकराव्या श्लोकापासून गीतेचे 643 श्लोक उरतात. आठवड्याला एक धरला तर बारा वर्षं आणि वर काही महिने, म्हणजे एक तप. आमच्या वयाला हा हिशेब जरा धाडसाचाच आहे, पण आरंभ करायला काय हरकत आहे?