पुरस्कार आणि पुरस्कर्ता

मेक्सिको देशांतील ग्वादालाहारा येथें १९८६ सालापासून चित्रपट-महोत्सव भरत आला आहे. त्याचें मानचिन्ह 'मायाउएल' या नांवानें ओळखलें जातें. मायाउएल ही तेथील प्राचीन लोकांची घायपाताची देवता. आणि घायपाताच्याच एका जातीपासून निघणाऱ्या मद्यामुळें त्या प्रांतांतील टकीला गांवाचें नांव जगभर गेलें आहे. दीर्घ कलासेवेच्या सन्मानाला भूमीच्या देवतेचें नांव असावें हें शोभून दिसतें. परंतु महोत्सवांतील अशा सन्मानांस व्यापारी पेढीचें नांव जोडण्याची रीतही आतां ठिकठिकाणीं रूढ होत आहे. ती कितपत शोभते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

धनिकाच्या आश्रयाविषयीं आमची मुळींच तक्रार नाहीं. राजाश्रय गेल्यावर कलेनें कोणाच्या तरी दारीं जावयाचेंच. त्याच देशांत मोरेलिया येथील महोत्सव २००३ सालीं सुरू झाला; त्याच्या संस्थापकांत सिनेपोलिस कंपनीचे प्रमुख आलेहांद्रो रामिरेस आहेत. या कंपनीचीं चित्रपटगृहें पुण्यांतही असल्यामुळें तिचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. चित्रपट दाखविण्याचा ज्यांचा व्यवसाय, त्यांनीं महोत्सवास हातभार लावावा, यांत गैर तें काय?

मात्र नव्या चित्रपटास दिलेलें पारितोषिक आणि आयुष्यभराच्या कार्याचा सन्मान यांत भेद आहे. पहिल्यांत देणारा कलावंतास पुढची वाट मोकळी करून देतो. दुसऱ्यांत ती वाट कलावंतानें एकट्यानें चालून संपत आणलेली असते, आणि पुरस्कर्ता मुक्कामावर हार घेऊन उभा असतो. अर्धशतकाच्या श्रमांनीं मिळविलेल्या कीर्तीची सांवली त्याला एका सायंकाळीं लाभते. म्हणजे येथें खरा ऋणी तोच.

मातिल्दे लांदेता या दिग्दर्शिकेचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. पडेल तें दुय्यम काम वर्षानुवर्षें करून त्यांनीं दिग्दर्शनाचा अधिकार मिळविला. 'लोला कासानोवा' (१९४८), 'ला नेग्रा आंगुस्तियास' आणि 'त्रोताकाइएस' (१९५१) असे तीन चित्रपट त्यांनीं केले. त्यानंतर पूर्ण लांबीचा कथापट दिग्दर्शित करण्याचा योग त्यांना आला तो सुमारें चाळीस वर्षांनीं, वयाच्या ऐंशीच्या सुमारास! उतारवयांत अशा व्यक्तीचा कितीही गौरव झाला, तरी मधल्या चाळीस वर्षांत जे चित्रपट जन्मासच आले नाहींत, ते कोणत्या मानचिन्हानें भरून निघणार?

न झालेलें काम परत आणतां येत नाहीं. झालेलें मात्र राखतां येतें. तेंही आपोआप राहत नाहीं. २४ मार्च १९८२ रोजीं मेक्सिको शहरांतील सिनेतेका नासिओनाल या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालयास आग लागली आणि हजारों चित्रपट भस्मसात् झाले. ग्रंथाची एखादी प्रत कोणाच्या तरी माळ्यावर सांपडते. चित्रपटाची शेवटची प्रत जळाली कीं त्याच्या कर्त्याची कारकीर्द केवळ ऐकीव राहते.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्या पेढीस जीवनगौरवावर आपलें नांव हवें असेल, तिनें मानचिन्हाबरोबर त्या कलावंताचा निदान एक जीर्ण चित्रपट दुरुस्त करून द्यावा, त्याची प्रत संग्रहालयांत ठेवावी आणि तो सामान्य प्रेक्षकांस माफक दरांत दाखवावा. यास खर्च अधिक लागेल, आणि व्यासपीठावरील छायाचित्राइतका गाजावाजा होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याचें नांव पायरीवर कोरलें, तर त्यास कोणी हंसत नाहीं. कळसाला नुसता हार घालून गेलेल्यानें तशीच पाटी मागितली, तर हंसूं येणारच.